आता सुरू करून काय उपयोग?

प्रश्न : वय ५८. तीस वर्षं खुर्चीत बसून हिशेब तपासले, व्यायामाच्या वाटेला कधी गेलो नाही. मुलगी मागे लागलीय, ‘बाबा, रोज दहा हजार पावलं चाला.’ तेवढं जमणार नाही. मग थोडं चालून आयुष्य खरंच वाढतं, की नुसतंच मनाचं समाधान?

उत्तर : तो दहा हजारांचा आकडा आधी डोक्यातून काढा. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. तिथून तो सगळ्यांच्या मानगुटीवर बसला. अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या २०१९ च्या अभ्यासात दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. साडेसात हजारांपुढे आणखी फायदा दिसेना. तैवानमध्ये चार लाखांवर माणसांच्या पाहणीत रोज पंधरा मिनिटं हालचाल करणाऱ्यांचं आयुर्मान, काहीच न करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३ वर्षांनी जास्त निघालं. तुम्ही हिशेबातले, चटकन कळेल : सगळ्यात जास्त व्याज पहिल्या छोट्या ठेवीवर आहे.

‘दिसलं’, ‘निघालं’ हे शब्द मुद्दाम वापरतोय. दोन गोष्टी सोबत दिसल्या, म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली असं नसतं. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं, की लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी. पुढे त्यांनीच गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या विजारी तरुणपणीही कमरेला मोठ्या! मग श्रेय जिन्याचं की मुळच्या अंगलटीचं? शिवाय आजारी माणूस चालतोच कमी. म्हणून आता संशोधक पाहणीच्या पहिल्या काही वर्षांतले, म्हणजे बहुधा आधीच आजारी असलेल्यांचे, मृत्यू वगळूनही हिशेब करून बघतात. तरी फरक उरतो. रक्तदाब आणि साखर चालण्याने उतरते, हे तर मी पेशंटांच्या कागदांवर बघतोच.

मी स्वतः पन्नाशीपर्यंत पक्का लिफ्टवाला. एकदा लिफ्ट बंद होती, तपासायला तिसऱ्या मजल्यावर चढलो, तर पेशंटनेच उठून मला पाणी दिलं. दुसऱ्या दिवसापासून जिना.

तुम्ही जेवणानंतर दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग. पुढे आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या. चालताना छातीत दडपण आलं, तर मात्र थांबा आणि आधी डॉक्टर गाठा. मुलीला सांगा, पहिला महिनाभर पावलं मोजायची नाहीत.