डब्यावरचा स्पीड आणि घरातला स्पीड : एसएसडीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत, कारण आलेल्या मेलमध्ये निम्म्याहून जास्त एसएसडीवरच होते. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणारी, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून फक्त गाव दिलंय.

प्रश्न (नाशिक): सर, माझ्या पीसीत सॅमसंगची ८६० इव्हो ही साटा एसएसडी आहे, ५०० जीबी. तिचा स्पीड ५५० आहे. आता दुकानदार म्हणतो ९८० प्रो टाका, तिचा ७,००० आहे. म्हणजे पीसी बारा-तेरा पट फास्ट होईल ना? माझं काम म्हणजे एक्सेल, टॅली, ब्राउझरमध्ये वीसेक टॅब आणि रविवारी थोडं फोटोशॉप.

उत्तर: नाही हो, बारा पट सोडा, डोळ्यांना दिसेल एवढा तरी फरक पडेल का याचीच मला शंका आहे. आणि दुकानदार खोटं बोलतोय असंही नाही, ७,००० हा आकडा खराच आहे, फक्त तो तुमच्या कामाचा नाही. डब्यावर जो मोठ्ठा आकडा असतो तो एकच भलीमोठी फाइल सलग वाचताना मिळणारा स्पीड असतो, सेकंदाला ७,००० एमबी. साटा म्हणजे हार्ड डिस्कवालीच जुनी जोडणी, तिला वायरचीच मर्यादा आहे, तिथून सेकंदाला ६०० एमबीच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून जगातली सगळी साटा एसएसडी ५५०-५६० ला येऊन थांबते.

पण विंडोज चालू होताना किंवा टॅली उघडताना सलग फाइल कोण वाचतंय? तेव्हा इकडून चार केबी, तिकडून चार केबी असे बारीक बारीक तुकडे वाचले जातात आणि बऱ्याचदा एक आला की मग पुढचा मागायचा असं चालतं. कंपन्या हाही आकडा देतात, पण डब्यावर नाही, डेटाशीटच्या आत कुठेतरी, 'क्यू डेप्थ १' (एका वेळी एकच मागणी) म्हणून लिहिलेला असतो. तुमच्या ८६० इव्होचा तो सेकंदाला १०,००० तुकडे आहे, ९८० प्रोचा २२,०००. म्हणजे डब्यावर तेरा पट आणि इथे दुपटीला थोडं वर. एमबीत बघायचं तर एक साधारण ४०, दुसरी ९०. कुठे ७,००० आणि कुठे ९०! मधल्या ९७० इव्हो प्लसचा हाच आकडा १९,००० आहे, २०१९ ची एसएसडी आहे ती, डब्यावर ३,५०० लिहिलेलं, म्हणजे पुढच्या पिढीत डब्यावरचा आकडा डबल झाला आणि कामाचा आकडा जेमतेम १९ चा २२.

आणि याच डेटाशीटमध्ये 'क्यू डेप्थ ३२' (एका वेळी बत्तीस मागण्या) वाला आकडा बघाल तर ९७० इव्हो प्लसच्या १ टीबीला तो ६ लाख आहे. हे म्हणजे रेशनच्या दुकानात बत्तीस काउंटर उघडे ठेवलेत पण लाइनीत तुम्ही एकटेच. सर्व्हरला ते काउंटर लागतात, घरच्या पीसीला नाही. खात्री करायची तर विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर उघडा, डिस्कच्या टॅबमध्ये 'डिस्क क्यू लेंग्थ' असा ग्राफ असतो, तो उघडा ठेवून नेहमीचं काम करा, टॅली उघडा, मोठी एक्सेल उघडा. रेघ बहुतेक वेळ तळालाच लोळत पडलेली दिसेल, मधेच एखादी उडी मारेल तेवढीच.

आता उलटं बघा. ७२०० आरपीएमची जुनी हार्ड डिस्क हेच बारीक तुकडे सेकंदाला शंभराच्या आत-बाहेर देते, कारण तिचं डोकं जागेवर जाईपर्यंत आणि तबकडी फिरून समोर येईपर्यंत दहा-बारा मिलिसेकंद जातात. शंभरवरून १०,००० ही उडी तुम्ही ८६० इव्हो घेतली त्याच दिवशी मारलीत. तेव्हा जो 'अरे वा' झाला असेल तो परत होणार नाही. त्यामुळे रॅम ८ जीबी असेल तर पैसे आधी तिच्यावर घाला, रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चढलेत हे मान्य, तरीही वीस टॅबवाल्याला तीच लागते. अगदी नवीन पीसी बांधणार असाल तर मात्र एनव्हीएमईच (९८० प्रोसारखी, थेट मदरबोर्डात बसणारी) घ्या, वायरींची कटकट नाही.

प्रश्न (लातूर): मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, घरीच सेटअप आहे. नवीन एनव्हीएमई घेतली, क्रिस्टलडिस्कमार्क या स्पीड टेस्टमध्ये एक नंबर रिझल्ट येतो, पण दीडशे-दोनशे जीबीचं फुटेज टाकायला घेतलं की सुरुवातीला पळते आणि मग दम तोडते, शेवटी शेवटी तर १०० च्या आसपास. पीस खराब आहे का?

उत्तर: पीस बहुतेक ठणठणीत आहे, मॉडेलच तसं आहे. आणि तुमच्यासारख्यांना फास्ट एसएसडीचा खरंच उपयोग असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हल्लीच्या एसएसडीत एका सेलमध्ये (डेटा ठेवायच्या इवल्याशा खणात) तीन बिट ठेवतात, ती टीएलसी, किंवा चार बिट, ती क्यूएलसी. चार बिट म्हणजे एका सेलमध्ये व्होल्टेजच्या सोळा पायऱ्या ओळखायच्या, एवढं नाजूक लिहायला वेळ लागतो. म्हणून कंपन्या काय करतात, थोडी जागा एकेरी बिटवर चालवतात, सगळं लिखाण आधी तिथे पडतं आणि नंतर निवांत आत हलवलं जातं. ही झाली कॅश. ती भरेपर्यंत घोडं पळतं, भरली की खरा स्पीड उघडा पडतो.

हा खरा स्पीड काही कंपन्या प्रामाणिकपणे छापतात. ९७० इव्हो प्लसच्या मूळ डेटाशीटमध्ये २५० जीबीची कॅश १३ जीबी आणि ती संपली की ४०० एमबी, ५०० जीबीची कॅश २२ जीबी आणि नंतर ९००, १ टीबीची ४२ जीबी आणि नंतर १,७०० असं स्वच्छ दिलेलं होतं. बघा, नाव एकच, पण २५० आणि १ टीबीत चौपटीचा फरक, कारण मोठ्या एसएसडीत जास्त चिप एकाच वेळी लिहितात. आणि क्यूएलसीचं उदाहरण हवं तर त्याच कंपनीची साटावाली ८७० क्यूव्हीओ, १ टीबीचा कॅशनंतरचा स्पीड ८० एमबी! चांगली हार्ड डिस्क सलग लिहिताना याच्यापुढे जाते. ८७० क्यूव्हीओ वाईट आहे असं म्हणत नाही मी, सिनेमे आणि फोटो साठवायला ती मस्त आहे, तुमच्या कामाला नाही.

क्रिस्टलडिस्कमार्क तुम्हाला हे दाखवत नाही कारण ते न बदलता चालवलं तर १ जीबीचीच फाइल लिहितं, ती कॅशमध्येच मावते. साइज ६४ जीबी करून बघा, किंवा सरळ दुसऱ्या तितक्याच फास्ट एसएसडीवरून शंभरेक जीबीचं एक फुटेज फोल्डर कॉपी करा आणि कॉपीच्या खिडकीत 'मोर डिटेल्स' दाबून हिरवा ग्राफ बघत बसा, जिथे तो कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो तिथे कॅश संपली. मात्र कार्ड रीडरवरून किंवा पेन ड्राइव्हवरून कॉपी करून एसएसडीला नावं ठेवू नका, तिथे अडकतं ते कार्ड. आणि एसएसडी ८०-८५ टक्के भरलेली असेल तर बऱ्याच मॉडेलांत कॅशही आक्रसते, तेव्हा थोडी जागा मोकळी ठेवायचीच.

अजून दोन गोष्टी. नाव तेच ठेवून आतला माल बदलायची सवय या धंद्यात आहे, ९७० इव्हो प्लसचाच कंट्रोलर (एसएसडीचं सगळं काम हाकणारी चिप) २०२१ मध्ये बदलला, कॅश मोठी झाली पण ती संपल्यावरचा स्पीड आधीपेक्षा कमी झाला. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू वाचून घेत असाल तर तारीख बघा. आणि दुसरं, तुमच्या लातूरचा मे महिना! एसएसडी तापली की स्वतःच स्पीड कमी करते, कॉपी चालू असताना क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तापमान बघत राहा, सत्तरच्या वर जाऊन स्पीड पडत असेल तर कॅश नाही, उष्णता. मदरबोर्डसोबत आलेला हीटसिंक लावला असेल तर त्याच्या खालच्या पॅडवरची पातळ प्लास्टिकची फिल्म काढली होती ना? नसेल तर ती आधी काढा, बरेच जण विसरतात. तुमच्या कामाला १ टीबी किंवा वरची, टीएलसीवाली, कॅशनंतर हजारच्या वर टिकणारी बघा, डब्यावर ३,५०० असो की ७,०००.

प्रश्न (पिंपरी): दादा, माझा मदरबोर्ड बी४५० आहे, प्रोसेसर रायझन ५ ३६००. जेन ४ ची एसएसडी चालेल का? गेम फास्ट लोड होतील का? मित्र म्हणतो जेन ५ घे, फ्यूचरप्रूफ.

उत्तर: चालेल, पण जेन म्हणजे बोर्ड आणि एसएसडीमधल्या वाटेची पिढी, आणि तुझा बोर्ड जेन ३ चा आहे त्यामुळे स्पीड ३,५०० च्या आसपासच मिळणार, वायरच तेवढी. प्रोसेसर जेन ४ देऊ शकतो पण बी४५० देत नाही, त्यासाठी बी५५० लागतो. जेन ५ चं खूळ डोक्यातून काढ, तापते पण जास्त. गेमचं म्हणशील तर साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर बहुतेक गेमांत लोडिंगचा फरक काही सेकंदांचा असतो, कारण दाबून लहान केलेला डेटा वाचून झाला की तो सोडवायचं काम प्रोसेसर करत बसतो. डायरेक्टस्टोरेज नावाचं तंत्र यासाठी आलंय, पीसीवर ते वापरणारा पहिला गेम फॉरस्पोकन, जानेवारी २०२३ चा, पण त्यानंतर काही रांग लागली नाही. प्लेस्टेशन ५ ची गोष्ट वेगळी, तिथे डेटा सोडवायला वेगळं हार्डवेअरच बसवलंय. तू जेन ३ किंवा स्वस्तातली जेन ४ घे आणि वाचलेल्या पैशात ५०० ऐवजी १ टीबी घे, एकेक गेम शंभर जीबी खातो रे आता. आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये लावणार असशील तर आधी बोर्डाचं मॅन्युअल वाच, काही बोर्डांवर तो स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात.

प्रश्न (ठाणे): बाबांचा जुना लॅपटॉप आहे, हार्ड डिस्कवाला, चालू व्हायला चहा होऊन जातो. त्यांना फक्त मेल, यूट्यूब आणि बँकेचं काम. कुठली एसएसडी घेऊ? डीरॅमवालीच घ्या असं एकजण म्हणाला.

उत्तर: ताई, अडीच इंची साटा, २५० किंवा ५०० जीबी, ओळखीच्या कंपनीची आणि बिलासकट, झालं. या वापराला डीरॅम, म्हणजे एसएसडीची स्वतःची छोटी मेमरी, असली-नसली काही कळणार नाही. फक्त एक करा, लॅपटॉपमध्ये एम.२ चा (काडीसारख्या एसएसडीचा) स्लॉट दिसला म्हणून लगेच एनव्हीएमई आणू नका, त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपमधला स्लॉट फक्त साटा घेतो. काडी दिसायला सेम, बसतेही कधीकधी, पण लॅपटॉपला दिसत नाही. जुनी हार्ड डिस्क फेकू नका, केसिंगमध्ये टाकून बॅकअपला ठेवा. विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय, बँकेचं काम करतात म्हणजे त्याचंही बघावं लागेल.

प्रश्न (रत्नागिरी): ऑनलाइन १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी दोन हजारांत मिळाली. कॉम्प्युटर १६ टीबीच दाखवतो. पण जुने फोटो उघडत नाहीत.

उत्तर: परत करा, आजच. आत बहुधा एक छोटं मायक्रोएसडी कार्ड चिकटवलेलं निघेल आणि ते कॉम्प्युटरला १६ टीबी आहे म्हणून थाप मारतं, खरी जागा संपली की नवीन फाइल जुनीच्या डोक्यावर लिहिली जाते. तुमचे फोटो तसेच गेलेत, मूळ फोनमध्ये असतील तर डिलीट करू नका. सॅमसंगची टी५ इव्हो ८ टीबीपर्यंत येते, तिची किंमत एकदा बघाच म्हणजे दोन हजारांचं गणित कळेल. पुढे कधी शंका आली तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, सगळी जागा भरून परत वाचून बघतं, वेळ खातं पण खोटं लगेच पकडतं.

प्रश्न (अकोला): एसएसडी लिहून लिहून संपते म्हणतात. आमच्याकडे लाइटही जाते. आणि कपाटात ठेवली तर डेटा उडतो हे खरं का?

उत्तर: संपते, पण तुमच्या हयातीत नाही बहुतेक. १ टीबीच्या ९७० इव्हो प्लसला ६०० टीबी लिखाणाची वॉरंटी आहे, रोज ४० जीबी लिहिलं तरी ४१ वर्षं, वॉरंटीची पाच वर्षं त्याच्या कितीतरी आधी संपतात. लाइटचं मात्र खरं, सर्व्हरच्या एसएसडीत वीज गेली तरी हातातलं काम पुरं करायला कपॅसिटर असतात, घरच्यांत साधारणपणे नसतात, तेव्हा लहानसा यूपीएस लावाच. कपाटाचं म्हणाल तर त्याचं स्टँडर्ड असं आहे की घरगुती एसएसडीने तिचं सगळं लिखाण संपल्यावरही ३० डिग्रीला, विजेशिवाय वर्षभर डेटा धरून ठेवायला हवा. नवी एसएसडी त्याहून बरीच जास्त धरते. पण अकोल्याच्या उन्हाळ्यात कपाट ३० डिग्रीला राहतं का? कायमचा बॅकअप हार्ड डिस्कवर घ्या, आणि एसएसडी कपाटात ठेवलीच तर मधूनमधून जोडून बघत जा.

प्रश्न (मडगाव): १ टीबी घेतली, ९३१ जीबी दिसते. ६९ जीबी दुकानदाराने खाल्ले का?

उत्तर: नाही हो. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, म्हणून १ टीबीचे ९३१ आणि ५०० चे ४६५ दिसतात. सगळ्यांनाच तेवढी मिळते. तिच्यावर विंडोज टाकलं की सी ड्राइव्ह अजून एखाद जीबीने कमी दिसेल, तो रिकव्हरीचा भाग असतो, त्याला हात लावू नका.