पुण्याहून आई-बाबा पहिल्यांदाच बँकॉकला चाललेत. तिथे फसवणूक कशी टाळायची?

ग्रँड पॅलेस या राजवाड्याबाहेर 'आज पॅलेस बंद आहे' असं आपणहून येऊन सांगणाऱ्याला फक्त हसून मान हलवायची आणि थेट तिकीट खिडकीपर्यंत चालत जायचं, एवढं त्यांना पक्कं सांगून ठेवा. मी पुण्यातून थायलंडला गट घेऊन जातो आणि हा प्रकार जवळजवळ प्रत्येक फेरीत दिसतो. माणूस नीटनेटका, गोड बोलणारा. तो २० बाटमध्ये (बाट म्हणजे थाई चलन) 'शहर दाखवणारी' टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, ठरवून देतो आणि ती जाते शिंप्याच्या नाहीतर रत्नांच्या दुकानात. चालकाची कमाई तिथल्या कमिशनवर. राजवाडा एरवी रोज सकाळी ८.३० ला उघडतो. क्वचित राजघराण्याच्या समारंभासाठी खरंच बंद असतो, म्हणून आदल्या रात्री अधिकृत संकेतस्थळ बघा. गेटवरच्या रक्षकाने हाफपँट किंवा बिनबाह्यांच्या कपड्यांवरून अडवलं तर मात्र ती फसवणूक नाही, नियमच आहे. टॅक्सीत बसण्याआधी 'मीटर' म्हणायचं. नाही म्हणाला तर पुढची. (पुणेकरांना हे वेगळं शिकवायला नको.) एटीएमने रुपयांत रक्कम दाखवली तर नाकारून बाटच निवडा. पर्यटक पोलिसांचा नंबर: ११५५.