एनएचएसचा डेंटिस्ट नवीन पेशंट का घेत नाही?

ताई, तुम्ही विचारलंय की लेस्टरमधले दातांचे दवाखाने 'एनएचएसचे (म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे) नवीन पेशंट घेत नाही' म्हणतात, पण खासगी पैसे भरायची तयारी दाखवली की उद्याचीच वेळ कशी देतात. मी इंग्लंडात दातांचंच काम करते, म्हणून आतलं गणित सांगते.

२००६च्या एप्रिलपर्यंत इथे प्रत्येक कामाचा वेगळा दर होता. त्यात गरज नसताना कामं काढायचा मोह होता, हे मान्य. मग नवा करार आला आणि पैसे 'यूडीए' नावाच्या युनिटांत मोजायला लागले. तपासणीला १ युनिट, कॅप किंवा कवळीला १२, आणि फिलिंग, रूट कॅनॉल, दात काढणं या सगळ्यांना सुरुवातीला सरसकट ३. मेख इथेच होती. एक दात भरा नाहीतर सहा भरा, युनिटं तीनच मिळायची! दाढेचं रूट कॅनॉल करायला तास-दीड तास जातो, तीच दाढ उपटायला वीस मिनिटं पुरतात, आणि मोबदला मात्र सारखाच असायचा. व्हायचं तेच झालं: रूट कॅनॉल घटली, दात काढणं वाढलं. २००८मध्ये संसदेच्या आरोग्य समितीने यावर ताशेरे ओढले. तरी दाढेच्या रूट कॅनॉलला ७ युनिटं मिळायला २०२२चा नोव्हेंबर उजाडला.

युनिटाचा दर दवाखान्यागणिक वेगळा; २०२४मध्ये किमान दर २८ पौंड ठरला. म्हणजे एका फिलिंगचे ८४. एप्रिल २०२५च्या दराने त्यातले ७५.३० पौंड फी भरणारा पेशंटच द्यायचा. सरकारच्या खिशातून किती गेले ते तुम्हीच बघा.

शिवाय प्रत्येक दवाखान्याचा वर्षाच्या युनिटांचा कोटा ठरलेला. ९६ टक्क्यांच्या खाली राहिलात तर पैसे परत करा, वर गेलात तर जवळपास फुकट राबा. त्यामुळे वर्षानुवर्षं दाताकडे न फिरकलेला, तोंडभर कीड असलेला नवा पेशंट तोट्याचाच ठरत आला. डॉक्टर लोभी आहेत असं सरसकट म्हणू नका. लोभी असतातही काही, पण हा करार भल्या माणसालाही दार लावायला लावतो. स्कॉटलंडमध्ये हा यूडीएचा प्रकारच नाही.

आता तुमचं काम. कोटा एप्रिलमध्ये नव्याने सुरू होतो, तेव्हा पुन्हा फोन करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फारसा उपयोग नसतो. ठणका असह्य झाला तर एनएचएसच्या १११ या मदत क्रमांकावर फोन लावा. मुलांची ट्रीटमेंट अठरा वर्षांपर्यंत मोफत असते, त्यांच्यासाठी वेगळं विचारा. आणि एनएचएसवर घेतलेल्या पेशंटला कोणी 'रूट कॅनॉल फक्त प्रायव्हेटमध्येच होतं' असं सांगितलं, तर कारण लेखी मागा.