सगळ्यांचं लिहिलेलं कोणी पुसलं?

प्रश्न : ताई, मी हिंगणा रोडकडच्या एका शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात ३४ मुलं, संगणक-खोलीत ११ कॉम्प्युटर. तान्ह्या पोळ्यानंतर (लहान मुलांच्या लाकडी नंदीबैलांचा सण) सगळ्यांना एकाच गूगल डॉक्समध्ये आपापल्या नंदीबद्दल दोन-दोन ओळी लिहायला लावल्या. दहा मिनिटांत अख्खं पान कोरं! एक मुलगी रडायला लागली, एका मुलावर सगळ्यांनी आळ घेतला. मुख्याध्यापक म्हणाले, हे या वयाचं कामच नाही. खरंच नाही का?
– एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : आधी त्या पोट्ट्याची सुटका करा. त्यानं मुद्दाम केलं नसणार. इंग्रजीत नाव लिहिताना मोठा ‘ए’ हवा असतो, शिफ्ट दाबायला जावं तर बोट पडतं खालच्या कंट्रोलवर. कंट्रोल आणि ‘ए’ मिळून सगळंच निवडलं जातं, पान निळं होतं, आणि पुढचं अक्षर दाबलं की तेवढंच एक अक्षर उरतं. घाबरून लेकरू खुर्ची सोडून पळतं. शेजारच्या कॉम्प्युटरवर तुम्ही कितीही अनडू (केलेलं मागे घेणं) केलं तरी उपयोग नाही. ज्यानं पुसलं त्याच्याच मशीनवर ते चालतं. पण लिहिलेलं गेलेलं नसतं. फाइल मेनूत व्हर्जन हिस्ट्री उघडा, पुसण्याआधीची प्रत निवडून रिस्टोअर करा. हे मुलांसमोरच करा, रडणारीही हसेल.

वयाचं म्हणाल तर मोठ्यांचंही ऐका. मी एकदा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एडिटची लिंक टाकून बसले. रात्री अकराला एका बाबांनी अख्ख्या वर्गाचे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून टाकले! सकाळी मुलं आपलीच वाक्यं ओळखेनात. तेव्हापासून घरी पाठवायची ती फक्त बघण्याची लिंक.

पुढच्या वेळी डॉक्सऐवजी गूगल स्लाइड्स घ्या. तीन-तीन मुलांचा गट, एका गटाला एक स्लाइड, वर गटाचं नाव तुम्हीच टाकून ठेवा : ढवळ्या, पवळ्या, काहीही. पुसलं तरी बहुधा आपलीच स्लाइड पुसली जाते. लॉगिन न करता लिंकवरून आलेल्यांना गूगल प्राण्यांची नावं देतं, हे मात्र लक्षात ठेवा. माझ्या वर्गात पहिली दहा मिनिटं ‘कॅपिबारा कोण आहे?’ एवढंच चालून राहिलं होतं. ती दहा मिनिटं वेळापत्रकात धरूनच चाला.

त्याच्याही आधी एक तास कॉम्प्युटर बंद ठेवा. सतरंजीवर मोठा ड्रॉइंग पेपर पसरा, चार मुलं, चार रंगांचे स्केचपेन, सगळ्यांनी मिळून एक नंदी काढायचा. कोणीतरी दुसऱ्याच्या शिंगावर घुंगरू काढणारच, मग भांडण होणार. होऊ द्या. ‘दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा तर आधी विचारायचं’ हा नियम त्यांच्याच तोंडून निघतो, आणि तो स्क्रीनवरही टिकतो. आपण फळ्यावर लिहून दिलेला टिकत नाही, बाप्पा!

खात्यांचं थोडक्यात. आपल्याकडे १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःहून गूगल खातं काढता येत नाही, म्हणून जन्मसाल खोटं टाकायला कोणाला सांगू नका. शाळेची खाती असतील तर उत्तम, नाहीतर तुमच्या लॉगिनवरून काढलेली लिंक, आणि तास संपला की ती लगेच बंद. पानावर मुलांची पूर्ण नावं नकोत. फोटो नंदीचा टाका, बोजारा (पोळ्याचा खाऊ-पैसे) मागायला निघालेल्या सजलेल्या मुलाचा नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच धरलंय, पालकांच्या संमतीचा प्रश्न येतो. आणि कोणी जॅमबोर्ड (गूगलचा डिजिटल फळा) सुचवला तर सोडून द्या, गूगलनं तो २०२४ च्या शेवटी बंद केला.

राहता राहिला तो आळ आलेला मुलगा. पुढच्या तासाला व्हर्जन हिस्ट्री उघडण्याचं काम त्यालाच द्या. कोणाचं काही उडालं की वर्गानं त्यालाच हाक मारायची.