वरच्याच ओळीत किंमत ५ ठेवली, तरी ॲनालायझर (कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारं टूल) ‘शून्याने भागाकार होऊ शकतो’ का म्हणतो? टूलच बावळट आहे का?

बावळट नाही, जरा जास्तच सावध आहे.

तुमच्या जावा कोडमध्ये १२व्या ओळीवर, लूपच्या आत, न्यू करून ‘गट’ नावाची ऑब्जेक्ट तयार होतात. कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड) प्रत्येकाच्या ‘संख्या’ या फील्डमध्ये ० ठेवतो. पुढे लिस्टमधून एक गट काढून तुम्ही त्याची संख्या ५ करता आणि लगेच तिने भागता. आपल्याला तिथे ५ दिसतात, टूलला ‘० ते ५’.

प्रोग्राम न चालवता किती ऑब्जेक्ट जन्माला येतील, हे टूलला कळायचा मार्ग सहसा नसतो. म्हणून बरीच टूल्स ‘१२व्या ओळीवर जन्मलेले सगळे’ यांची एकच नोंद धरतात, सामाईक सातबाऱ्यासारखी. त्या नोंदीत ५ लिहिताना जुना ० पुसता येत नाही, कारण ५ गेले एकाच गटात, बाकीचे अजून शून्यावरच असतील. मग दोन्ही ठेवावे लागतात. हे वीक अपडेट. लोकल इंटचं (फंक्शनमधल्या साध्या पूर्णांक व्हेरिएबलचं) तसं नसतं: तो एकच, नवी किंमत आली की जुनी गेली.

‘० ते ५’ अशा टप्प्यांनी किमती मोजायचं गणित पॅट्रिक आणि राधिया कुझो यांनी १९७६-७७मध्ये मांडलं, आणि ते आजही उत्तम चालतं. तरी खोटी वॉर्निंग आली की लोक त्यालाच दोष देतात, त्याजागी महागडं पॉलिहेड्रा (व्हेरिएबल्समधले संबंधही धरणारं गणित) बसवतात. माझ्या मते हा उगाच खर्च. घोळ मेमरीला नावं कशी दिली यात असतो. नाव सामाईक असेल तर वरचं गणित कितीही बारीक करा, ० तिथेच राहतो.

नावं जन्मस्थळावरूनच द्यावीत असंही नाही. आयआयटी मुंबईतून उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७मध्ये ॲक्सेस ग्राफ मांडले. त्यांत ऑब्जेक्टपर्यंत कोणत्या वाटेने पोचतो ते धरलं जातं. त्यांचा प्रश्न मात्र वेगळा होता: कोणते रेफरन्स पुढे लागणारच नाहीत, म्हणजे ते आधीच नल (रिकामे) करून गार्बेज कलेक्टरला, म्हणजे नको असलेली मेमरी साफ करणाऱ्याला, वाट मोकळी करता येईल.

तुमच्यापुरतं: फील्डची किंमत लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या, तो शून्य नाही हे तपासा आणि त्यानेच भागा. तपासणी थेट फील्डवर केलीत तर वॉर्निंग तशीच राहू शकते, कारण सामाईक नोंदीतून ० काढायला टूल धजत नाही. संख्या नंतर बदलणार नसेल तर ती कन्स्ट्रक्टरलाच द्या आणि फील्ड फायनल (नंतर न बदलणारं) करा. मग ० नोंदीत शिरण्याची शक्यता बरीच कमी होते.