इंग्रजी मातृभाषा नसताना परदेशातल्या विद्यार्थ्यांना घरून इंग्रजी शिकवता येतं का?

तुम्ही विचारलंय की इंग्रजी तुमची मातृभाषा नाही, बोलण्यात मराठी वळण डोकावतं, मग परदेशातले लोक तुमच्याकडून ऑनलाइन इंग्रजी कशाला शिकतील, आणि शिकणार असतील तर सुरुवात कुठून करायची.

शिकतात. गेली सात वर्षं मी घरून हेच काम करते. बहुतेक विद्यार्थी नोकरी करणारी मोठी माणसं, काही परीक्षेची तयारी करणारे. माझ्या बोलण्यातलं मराठी वळण त्यांना पहिल्या मिनिटाला कळतं आणि पाचव्या मिनिटानंतर त्याची आठवणही राहत नाही. ते टिकतात ते वेगळ्या कारणाने. ज्या ठिकाणी त्यांचा पाय घसरतो, तिथे कधीकाळी माझाही घसरलेला असतो.

माझी एक रशियन विद्यार्थिनी हिशेबनीस आहे. तिने पहिल्याच तासाला विचारलं, ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचं? आधीच्या दोन शिक्षकांनी तिला सांगितलं होतं की कानाला बरोबर वाटेल तिथे लाव. पण तिच्या कानाला काहीच वाटत नव्हतं, कारण रशियनमध्ये उपपदं नाहीत. मराठीतही नाहीत. आपण ‘मला पुस्तक हवंय’ आणि ‘मला ते पुस्तक हवंय’ असं म्हणून काम भागवतो. मी तिला म्हटलं, प्रत्येक नामापाशी थांबून एकच विचार कर: मी कोणत्या वस्तूबद्दल बोलतेय हे समोरच्याला ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर ‘द’. ठाऊक नसेल आणि वस्तू मोजता येणारी, एकच असेल तर ‘अ’. याने सगळी उदाहरणं सुटत नाहीत, पण निम्म्याहून जास्त सुटतात. त्या तासानंतर ती तीन वर्षं माझ्याकडे होती. लहानपणापासून इंग्रजी बोलणाऱ्याला हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. तुम्हाला पडलेला आहे. ती तुमची पुंजी आहे आणि ती तुम्ही कमीपणा म्हणून सांगताय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उच्चाराबद्दल मात्र मोकळेपणाने सांगते. वळण चालतं, अस्पष्टपणा चालत नाही. जेनिफर जेंकिन्स या ब्रिटिश भाषाअभ्यासक बाईंनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या लोकांची आपापसातली संभाषणं तपासली आणि २००० साली मांडलं की ‘थिंक’मधला ‘थ’ इंग्रजांसारखा न आल्याने सहसा अर्थ अडत नाही. अडतो तो स्वरांची लांबी चुकली, शब्दाच्या सुरुवातीच्या जोडव्यंजनातलं एखादं व्यंजन गळलं किंवा वाक्यातला जोर भलत्याच शब्दावर पडला तर. आपण यात दोन जागी हमखास सापडतो. मराठीत ‘इ’ आणि ‘ई’ आपण लिहितो वेगवेगळे, पण बोलताना तो फरक फारसा पाळत नाही. त्यामुळे ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’ एकसारखे ऐकू येतात. दुसरं म्हणजे सगळ्या अक्षरांवर सारखाच जोर. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो. मी रोज दहा मिनिटं स्वतःचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ऐकत होते, असं जवळजवळ सहा महिने. कुणाची नक्कल करायला जाऊ नका. उसना उच्चार पन्नास मिनिटं टिकत नाही आणि विद्यार्थ्याला तो लगेच खोटा वाटतो.

आता जो भाग मला या कामात सगळ्यात आवडतो तो. समोरचा कोणत्या भाषेतून येतोय हे कळलं की त्याच्या चुका आधीच ओळखता येतात. स्पॅनिश बोलणारा ‘स्कूल’ला ‘एस्कूल’ म्हणणार, कारण त्याच्या भाषेत ‘स’ आणि पुढचं व्यंजन यांनी शब्द सुरू होत नाही. तो ‘आय हॅव थर्टी इयर्स’ असंही म्हणणार, कारण स्पॅनिशमध्ये माणूस तीस वर्षांचा ‘असतो’ असं म्हणत नाहीत, त्याच्याकडे तीस वर्षं ‘असतात’ असं म्हणतात. म्हणजे आपल्या ‘मला ताप आहे’सारखं काहीतरी. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘पार्किंग’चं ‘बार्किंग’ होतं. शिवाय अरबीत आणि रशियनमध्ये वर्तमानकाळात ‘आहे’ म्हणावं लागत नाही, त्यामुळे ‘ही (he) डॉक्टर’ इथेच वाक्य संपतं. तुर्की भाषेत तो, ती, ते या तिन्हींना एकच शब्द. तिथला विद्यार्थी स्वतःच्या आईला सहज ‘शी’ऐवजी ‘ही’ (he) म्हणून जातो. कोरियनमध्ये ‘फ’ नाही, तेव्हा ऑफिसातल्या संवादात ‘कॉफी’ आणि ‘कॉपी’ एकच होतात. व्हिएतनामी विद्यार्थी शेवटचं व्यंजन गिळतात. ‘नाइन’, ‘नाइस’ आणि ‘नाइट’ तिन्हींचं ‘नाय’ होतं. जपानी माणसाला ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ऐकूच येत नाहीत, आणि जे ऐकू येत नाही ते बोलता कसं येणार? त्याला आधी ऐकायला शिकवावं लागतं: मी दोनपैकी एक शब्द म्हणते, त्याने फक्त बोट दाखवायचं. बोलणं दोन आठवड्यांनी.

हे मी एका दिवसात शिकले नाही. प्रत्येक भाषेसाठी एक वही आहे. नवा विद्यार्थी आला की त्याच्या भाषेची वही उघडते, आणि तास संपला की त्यात दोन ओळींची भर घालते. तुम्हीही पहिल्या दिवसापासून अशी वही ठेवा. कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मला तिचा उपयोग जास्त झाला.

पण प्रमाणपत्र नकोच असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी किमान १२० तासांचा टेफल, म्हणजे परक्या भाषेच्या लोकांना इंग्रजी कसं शिकवायचं याचा, अभ्यासक्रम मागतात. याच प्रकारचा केंब्रिजचा सेल्टा हा अभ्यासक्रम महाग आहे पण भक्कम आहे. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि कुणीतरी मागे बसून तुमच्या चुका लिहितं. पैसे आणि वेळ असेल तर तो करा. नसेल तर आधी साधा करून कामाला लागा.

तास कसा घ्यायचा? सुरुवातीला मी फार बोलायचे. एकदा विद्यार्थ्याच्या परवानगीने तास रेकॉर्ड केला आणि घड्याळ लावून ऐकला. पन्नास मिनिटांपैकी एकतीस मिनिटं मीच बोलत होते. पैसे त्याने दिले होते आणि सराव माझा चालला होता! तेव्हापासून मी प्रश्न विचारते आणि गप्प बसते. शांतता झाली की आपण घाबरून मध्ये बोलतो, ते टाळा. विशेषतः जपानी विद्यार्थी उत्तराआधी बराच वेळ थांबतात; तो विचार चालू असतो, अडलेलं नसतं.

बोलत असताना चूक सुधारायला मध्ये तोडू नका. मी दोघांना दिसणाऱ्या एका फाइलमध्ये त्याची वाक्यं जशीच्या तशी लिहून घेते आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्यातली तीनच निवडते. पंधरा चुका दाखवल्या तर एकही लक्षात राहत नाही. आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न कायमचा सोडून द्या. सगळे जण हो म्हणतात. ‘शी लिव्ह्ड देअर फॉर टेन इयर्स’ आणि ‘शी हॅज लिव्ह्ड देअर फॉर टेन इयर्स’ शिकवलं की विचारा, यातली कोणती बाई आजही तिथेच राहते? उत्तरावरून तुम्हाला खरं काय ते कळतं.

परीक्षेची तयारी करून घेणार असाल तर ती परीक्षा स्वतः नीट समजून घ्या. आयेल्ट्स ही परदेशी व्हिसा किंवा प्रवेशासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा. तिची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, तीन भागांची. मधल्या भागात एक मिनिट विचार करायला मिळतं आणि मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं असतं. गुण चार गोष्टींना असतात: बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. हे माहीत नसताना ‘बँड (म्हणजे या परीक्षेतले गुण) वाढवून देते’ असं सांगणं म्हणजे कुणाच्या व्हिसाशी किंवा प्रवेशाशी खेळणं आहे. मी दोन वर्षं अशा विद्यार्थ्यांना नाही म्हणत होते आणि ते बरोबरच होतं.

लहान मुलांबद्दल थोडंच सांगते, कारण आठ वर्षांखालच्यांना मी घेत नाही. ते वेगळं कसब आहे, त्यात गाणी, बाहुल्या, हातवारे लागतात. पूर्वी या कामाचा सर्वांत मोठा बाजार चीन होता. २०२१ च्या जुलैमध्ये तिथल्या सरकारने शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून वर्ग घेण्यावर बंदी घातली. माझे चार विद्यार्थी काही आठवड्यांत गेले. काही शिक्षकांचे तर सगळेच्या सगळे गेले. तेव्हापासून मी कोणत्याही एका देशातले विद्यार्थी एकूण संख्येच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त होऊ देत नाही.

विद्यार्थी कुठून मिळतात? आयटॉकी, प्रेप्ली, कॅम्बली अशा शिक्षक आणि विद्यार्थ्यांची गाठ घालून देणाऱ्या वेबसाइट्सवरून. आयटॉकीवर तुम्ही तुमचा दर ठरवता. प्रमाणपत्र असेल तर ‘प्रोफेशनल टीचर’, नसेल तर ‘कम्युनिटी ट्यूटर’ म्हणून नोंद होते. प्रेप्लीवरही दर तुमचाच. मी तिथे नोंदणी केली तेव्हा पहिल्या चाचणी तासाचे सगळे पैसे त्यांच्याकडे जात, पुढे कमिशन ३३ टक्क्यांपासून सुरू होई आणि शिकवलेले तास वाढतील तसं १८ टक्क्यांपर्यंत उतरे. कॅम्बलीवर मिनिटामागे ठरलेला दर मिळतो आणि बहुतेक वेळ गप्पाच असतात. तिन्हींची आजची अट नोंदणीच्या दिवशी नीट वाचा. काही कंपन्या जाहिरातीतच ‘नेटिव्ह’ शिक्षक मागतात, तिथे अर्ज करून मन खट्टू करून घेऊ नका. सुरुवातीला दर कमी ठेवा, पण दहा-बारा चांगले अभिप्राय मिळाले की वाढवा. मी वर्षभर वाढवला नव्हता, आणि दर वाढवल्यावर फक्त दोघे सोडून गेले.

वेळेचं गणित वाटतं तितकं सोपं नाही. युरोपात घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तासाने पुढे-मागे बदलतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. जपान, कोरिया बदलत नाहीत, तुर्कस्तानने २०१६ पासून आणि ब्राझीलने २०१९ पासून सोडून दिलं. पहिल्या वर्षी माझा स्पेनमधला एक विद्यार्थी जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून तासभर माझी वाट पाहत होता आणि मी निवांत होते, कारण माझ्या हिशेबाने तासाला अजून वेळ होता. मी त्याला दोन तास मोफत दिले, तरी ती चुटपुट गेली नाही. घड्याळं बदलतात त्या महिन्यांत आता प्रत्येकाला आदल्या दिवशी निरोप पाठवते. पहाटे चार आणि रात्री बारा या दोन्ही वेळा एकाच दिवशी घेऊ नका. मी घेतल्या, आठ महिन्यांत आवाज बसला.

सामान फार लागत नाही: तारेचं इंटरनेट, चांगला माइक असलेला हेडफोन, चेहऱ्यावर समोरून पडणारा उजेड.

काही माणसं शिकायला येत नाहीत, ओळख वाढवायला येतात. प्रश्न खासगी होऊ लागले की एकदा सांगा, दुसऱ्यांदा तास बंद करा. आणि कुणी पालक म्हणून जास्तीच्या रकमेचा चेक पाठवून ‘उरलेले परत करा’ म्हणाला तर ती फसवणूक आहे; चेक नंतर परत येतो आणि तुमचे पैसे गेलेले असतात.

आता तुमच्यासाठी पहिलं काम. ओळखीचा व्हिडिओ दोन मिनिटांच्या आत करा आणि त्यात ‘मी लहान-मोठ्या सर्वांना सर्व काही शिकवते’ असं म्हणू नका. एक प्रकारचा माणूस निवडा. माझं पहिलं वाक्य आजही तेच आहे: ‘मी इंग्रजी तुमच्यासारखीच शिकले, नियम पाठ करून आणि चुका करून; मीटिंगमध्ये बोलायची भीती वाटत असेल तर माझ्याकडे या.’ हे वाक्य टाकलं त्या आठवड्यात मला पहिले तीन विद्यार्थी मिळाले.