गोव्यातल्या चिखलीसारखा अमोनियाचा टँकर उलटला तर अग्निशमन दल लगेच पाणी का मारत नाही?

कारण आत काय आहे ते आधी कळावं लागतं. वेर्ण्याला कारखान्यात सेफ्टीचं काम करतो, ही ड्रिल पाठ आहे. वारा पाठीवर घेऊन लांबूनच दुर्बिणीने टँकरवरचा यूएन नंबर (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) वाचतात. १००५ म्हणजे अमोनिया. मग वस्ती रिकामी करायची (२०१८ च्या जानेवारीत चिखलीला रात्री लोकांना उठवून हेच करावं लागलं), आणि श्वसनसंच, अंगभर गॅसरोधक सूट घातलेली जोडीच व्हॉल्व्हपाशी जाते. पाणी मारतात, पण बारीक फवारा, तोही गळणाऱ्या वायूच्या पांढऱ्या ढगावर. अमोनिया पाण्यात पटकन विरघळतो. खाली साचलेल्या द्रवावर धार सोडली तर तो उलट जास्तच उकळतो. अर्थात हे अमोनियापुरतं. सोडियमसारख्या धातूवर पाणी मारलंत तर भडकाच.